‘धर्म नसता तर जग सुखी असतं’ हे लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा निबंध वाचला. धर्म नसता तर जग अधिक सुखी असतं, असं तू ठामपणे मांडलं आहेस आणि पुराव्यादाखल युद्धं, चेटकिणींचे बळी, गुलामगिरी, अस्पृश्यता अशी यादी दिली आहेस. यादी खरी आहे. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागेल म्हणून त्यातलं एकही दुःख लहान करू नकोस. पण धर्म वजा केला की हे सगळंही वजा होईल, असं तू गृहीत धरून चालला आहेस. सिद्ध करायचं होतं ते नेमकं तेच.

सुरुवात शब्दापासून कर. मराठीत ‘धर्म’ हा शब्द फार पसरट आहे. शेजारधर्म, मित्रधर्म, राजधर्म म्हणतो तेव्हा आपल्याला कर्तव्य अभिप्रेत असतं. जोतीराव फुल्यांनी पुरोहितशाहीवर आयुष्यभर प्रहार केले, तरी त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या नावात ‘सत्यधर्म’ आहेच. तुला जो धर्म म्हणायचा आहे त्याचेही निदान सहा भाग पडतात : अदृश्य शक्तीवरची श्रद्धा, विधी, आचरणाचे नियम, एकत्र जमणारी माणसं, मालमत्ता आणि अधिकार बाळगणारी संस्था, आणि जन्मापासून चिकटलेली ओळख. हे भाग सुटे सुटेही आढळतात. जैन आणि बौद्ध परंपरांत जगाचा निर्माता ईश्वर मानलेला नाही, पण विधी, संघ, नियम सगळं आहे. डेन्मार्कमध्ये बहुसंख्य लोक राष्ट्रीय चर्चचे सभासद आहेत, दर रविवारी तिथे जाणारे मात्र अगदी थोडे. तुझ्या निबंधात यातलं नेमकं काय नाहीसं व्हायचं आहे?

आता कागदावर दोन रकाने आख. डावीकडे अपाय लिही, उजवीकडे तो या सहांपैकी कोणत्या भागाने केला ते. घाईने ‘श्रद्धा’ लिहून मोकळा होऊ नकोस.

चेटकिणींचंच घे. युरोपात साधारण १४५० ते १७५० या काळात ४०,००० ते ६०,००० माणसांना चेटूक केल्याच्या आरोपावरून मारण्यात आलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. सैतानावरची श्रद्धा यामागे होती, ती कुणाला पुसता येणार नाही. पण कितीतरी खटले लौकिक, म्हणजे चर्चच्या नव्हे तर राज्याच्या, न्यायालयांत चालले. आरोप शेजारपाजारच्या वैरातून आले आणि कबुल्या छळातून. छळाखाली एकीने चार नावं घेतली की चार नवे खटले उभे राहत, आणि साथ पसरावी तसं ते पसरत गेलं. स्पेनमध्ये याला आळा कसा बसला ते मुद्दाम वाच. आलोन्सो दे सालाझार फ्रिआस हा इन्क्विझिशनचाच, म्हणजे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाचाच, अधिकारी १६११ मध्ये बास्क प्रदेशात गावोगाव फिरला, त्याने शेकडो कबुलीजबाब तपासले आणि चेटूक खरोखर घडल्याचा पुरावा आपल्याला सापडला नाही, असा अहवाल वर पाठवला. १६१४ मध्ये इन्क्विझिशनच्या वरिष्ठ मंडळाने पुराव्याचे कडक नियम घालून दिले आणि त्यांच्या कक्षेतले असे देहदंड जवळपास थांबले. कॅटलोनियातली लौकिक न्यायालयं मात्र पुढेही काही वर्षं फाशी देत राहिली. ज्यू आणि मुस्लिम वंशाच्या धर्मांतरितांचा छळ करणारी संस्था हीच, म्हणून तिला चांगुलपणाचं प्रशस्तिपत्र द्यायचं कारण नाही. पण सैतान तेव्हाही मानला जात होता. बदलली ती पुरावा तपासण्याची रीत, आणि तेवढ्याने माणसं वाचली. तुझ्या उजव्या रकान्यात हे आलं पाहिजे.

युद्धांबाबत एक सावधगिरी. ‘इतिहासातल्या युद्धांपैकी फक्त ७ टक्के धार्मिक’ असा आकडा श्रद्धाळू मंडळी वापरतात. तो एका युद्धकोशातल्या वर्गवारीवरून काढलेला आहे आणि वर्गवारी बदलली की आकडा बदलतो. तू तो वापरू नकोस आणि दुसऱ्याने वापरला तर वर्गवारी कशी केली ते विचार. त्यापेक्षा एकेका युद्धाला हा प्रश्न घाल : धर्म काढून घेतला असता तर बाजू वेगळ्या पडल्या असत्या का? युरोपातलं ‘तीस वर्षांचं युद्ध’ १६१८ मध्ये कॅथलिक-प्रॉटेस्टंट झगड्यातून पेटलं. पण १६३१ मध्ये फ्रान्स या कॅथलिक राज्याने प्रॉटेस्टंट स्वीडनला लढण्यासाठी पैसा देण्याचा करार केला, आणि फ्रान्सचं धोरण तेव्हा रिशल्यू या कार्डिनलच्याच, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या बड्या धर्माधिकाऱ्याच्याच, हाती होतं. १६३५ मध्ये फ्रान्स स्वतः कॅथलिक स्पेनविरुद्ध उतरला. म्हणजे आग धर्माने लावली, ती तेवत ठेवली राज्याराज्यांच्या स्पर्धेने. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या वंशसंहारात मारणारे आणि मरणारे बहुतांशी ख्रिस्तीच होते. फूट हुतू आणि तुत्सी या दोन जमातींच्या ओळखीवर होती आणि ती ओळख बेल्जियन राजवटीपासून ओळखपत्रावर छापलेली होती. आसऱ्याला चर्चमध्ये शिरलेल्या लोकांची तिथेच कत्तल झाली. धर्माने ती फूट पाडली नाही, पण एकाच वेदीसमोर बसणाऱ्यांना थांबवलंही नाही. हा दुसरा अर्धा भाग तुझ्याशी वाद घालणाऱ्याला जरूर सांग.

धर्म काढून टाकण्याचे प्रयोग झालेले आहेत आणि तुझ्या निबंधात त्यांचा उल्लेखही नाही, ही त्यातली सर्वांत मोठी उणीव. फ्रेंच राज्यक्रांतीत, नोव्हेंबर १७९३ मध्ये, पॅरिसचं नोत्र दाम हे कॅथेड्रल ‘विवेकाचं मंदिर’ झालं. वर्षही उलटलं नव्हतं तोच, जून १७९४ मध्ये, क्रांतीचा नेता रोबेस्पिएर ‘परमसत्ते’चा नवा उत्सव साजरा करत होता. सोव्हिएत संघात १९३१ मध्ये मॉस्कोचं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं. १९३७ च्या जनगणनेत श्रद्धेचा प्रश्न विचारला, तर क्रांतीनंतर वीस वर्षांनीही निम्म्याहून अधिक प्रौढांनी आपण श्रद्धाळू असल्याचं सांगितलं. ती जनगणना दडपण्यात आली आणि ती घेणारे अधिकारी पकडले गेले. अल्बेनियाने १९६७ मध्ये दोन हजारांवर प्रार्थनास्थळं बंद केली, १९७६ च्या राज्यघटनेत निरीश्वरवाद घातला, आणि १९९० मध्ये बंदी उठवावी लागली. बिघडलं कुठे? संस्था हटवली, पण तिच्या पाठीमागे उभी असलेली ‘आम्ही चुकूच शकत नाही’ ही वृत्ती जशीच्या तशी नव्या मालकाकडे गेली.

यावर तू म्हणशील की जबरदस्ती कोण करायला सांगतंय, धर्म आपोआप विरून गेला तर? प्रश्न रास्त आहे. स्वीडन, एस्टोनिया, चेकिया इथे श्रद्धा बरीच ओसरली आहे आणि तिथलं जगणं कोसळलेलं नाही. धर्म गेला की नीती जाते, हा दावा या देशांसमोर टिकत नाही. पण क्रम तपास. स्वीडनमध्ये शिक्षण, पेन्शन, आरोग्यसेवा उभी राहिली तेव्हा चर्च राज्याशी जोडलेलं होतं. ते वेगळं झालं १ जानेवारी २००० रोजी. आयुष्य सुरक्षित झालं म्हणून धर्माची गरज घटली, असंही असू शकतं. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे पहिलीने दुसरी घडवली, असं लिहू नकोस.

गुलामगिरीचं उदाहरण तू एकाच बाजूने वापरलं आहेस. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. आणि १८४५ मध्ये अमेरिकेतले दक्षिणेकडचे बाप्टिस्ट, हाही ख्रिस्ती पंथच, गुलामगिरीच्या प्रश्नावरून वेगळे झाले, गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूने. धर्मग्रंथ दोघांचाही एकच. अस्पृश्यतेबाबत तर तुझ्या प्रतिपादनाला सर्वांत अवघड जाणारा माणूस आंबेडकर आहे. धर्माने केलेली इजा त्यांच्याइतकी कुणी अभ्यासली आणि भोगली असेल? तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मच सोडा असं त्यांनी म्हटलं नाही. विवेकाला पटेल असा निवडला. त्याच अन्यायाविरुद्ध तमिळनाडूतले समाजसुधारक पेरियार यांनी निरीश्वरवादाची वाट धरली. या दोघांना समोरासमोर ठेवून दोन पानं लिहिलीस, तर तुझ्या निबंधातला तो सर्वांत सकस भाग होईल.

नीतीबद्दल एक प्रयोग सांगतो. १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या ४० धर्मशास्त्र-विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवलं, वाटेत एक माणूस कण्हत बसलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. त्यातले काहीजण परोपकाराच्या दृष्टान्तावरच बोलायला निघाले होते. श्रद्धा कोणत्या प्रकारची, यावरून कोण थांबेल ते सांगता आलं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत उभारू नकोस. पण श्रद्धावान म्हणजे सज्जन आणि नास्तिक म्हणजे विचारी, या दोन्ही कल्पनांना तो सावध करतो.

मग जागा कशाने भरायची? घरात मृत्यू झाला की कुणी काय करायचं, कोण येणार, किती दिवस शोक पाळायचा, हे आधीच ठरलेलं असतं. ज्या दिवशी माणसाला काही सुचत नाही त्या दिवशी त्याला काही ठरवावं लागत नाही. तेच विधी विधवेवर अन्यायही लादतात, म्हणून ते तपासावेच लागतात. पण नुसते काढून घेतले तर दुखावलेला माणूस उघडा पडतो. बदली उभी राहू शकते. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी, म्हणजे देवाधर्माविना होणाऱ्या, विवाहसोहळ्यांना कायदेशीर मान्यता आहे. टिकणं मात्र कठीण. १९ व्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामुदायिक, म्हणजे सगळे मिळून एकत्र राहणाऱ्यांच्या, वसाहतींच्या अभ्यासात धार्मिक वसाहती ऐहिक वसाहतींपेक्षा जास्त टिकल्या. जिथे सभासदांकडून अधिक त्याग मागितला जाई त्या धार्मिक वसाहती अधिक टिकल्या. ऐहिक वसाहतींत त्यागाने असा फरक पडला नाही.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. धर्माशिवायचं जग एकंदरीत बरं असतं की वाईट, हे ठरवायला आपल्याकडे दुसरं जग नाही. पण शिक्षा करण्याची सत्ता धर्माच्या हातून काढली की जग बरं होतं, याबद्दल मला शंका नाही. आजही काही देशांत धर्म सोडल्याबद्दल कायद्याने मृत्युदंड आहे. म्हणून कोणत्याही धर्माला चार गोष्टी विचार : यातून बाहेर पडता येतं का, प्रश्न विचारता येतो का, पैशांचा हिशोब कोण तपासतं, आणि बाहेरच्या माणसाला कायदा सारखाच लागू होतो का? हेच प्रश्न पक्षाला आणि राष्ट्रालाही विचार. तिथेही उत्तरं वाईट आली, तर तुझ्या यादीतली काही दुःखं धर्माच्या खात्यातून हलवावी लागतील.

नवा मसुदा एका अपायापुरता, एका काळापुरता लिही. बाराशे शब्दांत सगळं जग मावत नाही. तो झाला की आधी एखाद्या श्रद्धाळू आणि वाचणाऱ्या माणसाला दे. ‘असं आम्ही मानतच नाही’ असं तो जिथे म्हणेल त्या ओळीला खूण कर आणि ती ओळ त्याला आपली वाटेल अशी पुन्हा लिही. मग तोच कागद पक्क्या नास्तिकाकडे ने. दोघांच्या खुणांसकट मसुदा मला पाठव.

कळावे.