‘समाचार घेणे’ : आजाऱ्याचा की चुकणाऱ्याचा?

एका वाचकाने विचारले आहे : बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (२५:३६) ‘आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला’ असे वाक्य आहे. आमच्या तरुण मंडळाने गरीब, एकट्या आजाऱ्यांकडे नेमाने जायचे ठरवले आणि हेच वाक्य फलकावर लिहिले, तर मुले हसली. समाचार घेणे म्हणजे झाडणे ना? भाषांतर चुकले आहे का? ‘भेटायला आलात’ किंवा ‘काळजी घेतलीत’ असे बदलावे का?

भाषांतर चुकलेले नाही. माझ्या मते मराठी पवित्र शास्त्रातल्या नेमक्या शब्दयोजनांपैकी ही एक आहे. मुले हसली यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्या कानावर आज फक्त ‘खरपूस समाचार’ पडतो.

समाचार घेणे म्हणजे आधी एखाद्याच्या स्थितीची नीट माहिती करून घेणे, वास्तपुस्त करणे. वडीलधारी माणसे अजूनही ‘जाऊन समाचार घेऊन ये’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना भांडण नको असते. दुसरा अर्थ याच अर्थातून फुटला. जो बारकाईने पाहतो त्याला चूकही दिसते, आणि मग तो जाब विचारतो. ‘खबर घेणे’, ‘हजेरी घेणे’ यांचेही असेच झाले. ‘बघणे’ तर रोजच्या तोंडातले क्रियापद. ‘म्हाताऱ्या आईकडे कोण बघतं?’ यात माया आहे आणि ‘बघून घेईन’ यात धमकी. डोळा तोच आहे.

हे फक्त मराठीतच घडले असे नाही. जुना करार मुख्यतः ज्या भाषेत लिहिला गेला त्या हिब्रूत ‘पाकद’ असा धातू आहे. उत्पत्ती २१:१ मध्ये देव सारेला दिलेले वचन आठवून तिच्याकडे कृपेने वळतो, तिथे हाच धातू आहे. निर्गम २०:५ मध्ये वडिलांच्या अन्यायाचा जाब मुलांकडे घेतला जातो, तिथेही हाच. कृपेने समाचार आणि न्यायाने समाचार, दोन्ही एकाच शब्दात. मराठी शब्दाची आजची दोन तोंडे पाहिली की मला या धातूची आठवण होते.

मत्तयाच्या वाक्यात मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘एपिस्केप्तोमाई’, म्हणजे लक्ष घालून पाहणे, पाहायला जाणे. ‘बिशप’ हा शब्द ज्या ‘एपिस्कोपोस’वरून आला तो याच कुळातला. मराठी नव्या करारात त्यासाठी ‘अध्यक्ष’ आहे, आणि त्यातल्या ‘अक्ष’चा संबंध डोळ्याशीच आहे. म्हणजे मंडळीवर नजर ठेवणाऱ्याचे पद आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन पाहणे या दोन गोष्टी मूळ भाषेत सख्ख्या बहिणी आहेत. हे मला फार मोलाचे वाटते.

याकोबाच्या पत्रातही (१:२७) हेच क्रियापद येते. अनाथ व विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरण, असे तिथे म्हटले आहे. पुढच्याच अध्यायात याकोब उदाहरण देतो : उघड्या, उपाशी भावाला कोणी ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ एवढेच म्हणाला आणि दिले काहीच नाही, तर उपयोग काय? क्रियांवाचून विश्वास निर्जीव, हे प्रसिद्ध वचन याच प्रकरणातले. तेव्हा नुसते ‘कसे आहात?’ विचारणे याकोबाच्या हिशेबी समाचारात बसत नाही. ‘विचारपूस’ हा पर्याय मला अपुरा वाटतो तो यामुळेच. त्यात पूस आहे, पुढचे नाही.

एकदा मंडळीतल्या एका बाईंबरोबर मी अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे गेलो होतो. बाईंनी तब्येत विचारली. ‘बरं आहे,’ आजोबा म्हणाले. बाईंनी उशाचे गोळ्यांचे पाकीट उलटे केले आणि रिकामी घरे मोजली. चार दिवसांत दोनच गोळ्या गेल्या होत्या. मग तांब्या हलवून पाहिला. तो कोरडा होता. पाण्यापर्यंत उठवत नाही म्हणून आजोबा गोळ्याच घेत नव्हते, आणि हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. बाईंनी तांब्या भरून हाताशी ठेवला, एक गोळी दिली आणि रोज सकाळी पाणी भरून ठेवायला शेजारच्या मुलाला सांगून आल्या. ‘समाचार घेतला’ याचा अर्थ मला शब्दकोशाने नव्हे, त्या पाकिटाने कळला.

आता ‘भेटायला आलात’ आणि ‘काळजी घेतलीत’. पहिल्यात येणे आहे, पण पाहणे पुसट होते. दुसऱ्यात उलट : काळजी पैसे पाठवूनही घेता येते. ‘समाचार’ हा ‘चर्’ म्हणजे चालणे, फिरणे या धातूचा शब्द. उपचार, परिचर्या, परिचारिका हे त्याचेच सोयरे. या सगळ्या शब्दांत पाय आहेत, आणि मत्तयाच्या त्या यादीलाही पाय लागतात. भुकेल्याला खायला, तान्हेल्याला प्यायला, उघड्याला वस्त्र, परक्याला घर. यातले पुष्कळसे दुसऱ्याच्या हातून पोचवता येईल. आजारी आणि कैदी यांच्यासाठी मात्र स्वतः जावे लागते.

हे ‘जाणे’ इतिहासात सोपे नव्हते. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जोगिणींनी मठाच्या भिंतीआड राहावे असा दंडक होता. व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारिलाक यांनी १६३३ साली ज्या भगिनींना एकत्र आणले त्यांना मुद्दामच त्या चौकटीबाहेर ठेवले, कारण त्यांना गरीब आजाऱ्यांच्या घरी जायचे होते. पुढे १८१३ साली एलिझाबेथ फ्राय लंडनच्या न्यूगेट तुरुंगात स्त्री कैद्यांना पाहायला गेल्या, आणि काही वर्षांनी परतून त्यांच्यासाठी शिवणकाम व मुलांसाठी शाळा सुरू करून तिथे जातच राहिल्या.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. वाक्यात ‘माझा समाचार’ आहे, आणि बोलणारा आहे न्यायाला बसलेला राजा, म्हणजे येशू स्वतः. ज्यांनी समाचार घेतला त्यांनाही आपण कोणाकडे गेलो होतो हे ठाऊक नव्हते. ‘आम्ही तुला केव्हा पाहिले?’ असे तेच विचारतात.

तेव्हा फलकावरचे वाक्य बदलू नका. पत्रकात वा बोलताना मात्र ‘मंडळ आजाऱ्यांचा समाचार घेणार’ असे सुटे लिहिलेत तर पुन्हा हशा होईल, तिथे ‘रुग्णभेट’ चालेल. आणि ‘शुश्रूषा’ लिहायचे झाले तर दुसरा ‘श्रू’ दीर्घ. त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हे घरोघरी जाणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वी सांगून ठेवा.