टब गळतोय, पण नेमका कुठून?

प्रश्न: आमचा हॉट टब १४ वर्षांचा आहे, सहा माणसं बसतील एवढा. गेल्या महिन्याभरात रोज साधारण २ सेंटीमीटर पाणी कमी होतंय आणि मागच्या कोपऱ्याखाली कायम ओल असते. तिकडचं पॅनेल काढून बघितलं तर आत सगळा फोम ठासून भरलेला, पाईप दिसतच नाही. एक प्लंबर म्हणाले कोपऱ्यातला सगळा फोम काढावा लागेल, दुसरे म्हणाले टबच बदला. लीक बंद करणारं लिक्विड मिळतं, ते पाण्यात ओतून बघू का?

उत्तर: लिक्विड थांबवा आणि कोपऱ्यातल्या फोमला पण अजून हात लावू नका. अशा टबात बहुतेक वेळा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असंच होतं, म्हणजे गळतं एकीकडे आणि ओल दिसते भलतीकडे. फोम आणि शेलच्या (टबाच्या कवचाच्या) मधे बारीक फट असते, पाणी त्या फटीतून नाहीतर पाईपाच्या अंगावरून ओघळत जातं आणि टब ज्या बाजूला जरासा कललेला असेल तिकडून बाहेर पडतं. पुढच्या पंपाजवळचं पाणी मागच्या कोपऱ्यातून निघालेलं मी स्वतः बघितलंय, आणि ते लक्षात यायच्या आधी आम्ही मागचा हातभर फोम खरवडून काढला होता, आत पाईप अगदी कोरडा. ते दोन दिवस वाया गेले याचं अजून वाईट वाटतं म्हणून एवढं सांगतेय.

आधी हे बघा की पाणी खरंच गळतंय की वाफ होऊन जातंय. तुमच्या टबात पाण्याचा पृष्ठभाग ३ चौरस मीटर धरला तर २ सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर होतात, झाकण नीट बसत असेल तर एवढी वाफ रोज होत नाही, तेव्हा तुमच्याकडे गळतीच असणार. पण ज्यांना शंका असेल त्यांनी बादलीची टेस्ट करावी. एक बादली पाण्याने भरून टबातल्या सीटवर ठेवायची, बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर खूण करायची आणि टबाच्या भिंतीवर पण चिकटपट्टीने खूण करायची, झाकण लावायचं आणि २४ तास कोणी टबात उतरायचं नाही. दोन्हीकडे सारखंच कमी झालं तर वाफ, टबात जास्त कमी झालं तर गळती.

आता खरी कामाची गोष्ट. पंप चालू ठेवून २४ तासांत पाणी किती उतरतं ते मोजा, मग वरून भरून पहिल्या खुणेपर्यंत आणा आणि सगळं बंद ठेवून परत २४ तास मोजा. पंप चालू असताना जास्त जात असेल तर गळती दाबाच्या बाजूला आहे, म्हणजे पंपाच्या पुढे, हीटर, मॅनिफोल्ड (एका पाईपातलं पाणी सगळ्या जेटना वाटणारा तुकडा), जेटकडे जाणारे पाईप असं कुठेतरी. दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर नुसत्या उभ्या पाण्याच्या वजनानेच गळतंय, मग जेटचं गॅस्केट (पाणी अडवणारं रबर), लाईट, तळाचं सक्शन (पंप जिथून पाणी ओढतो ते तोंड), ड्रेनचा व्हॉल्व्ह हे संशयित. आणि पंप बंद असताना जास्त जात असेल आणि चालू केल्यावर जेटमधून उगाच बारीक बुडबुडे येत असतील तर सक्शनच्या बाजूला बघा, कारण तिथे पंप चालू असताना पाणी बाहेर पडायच्या ऐवजी हवा आत ओढली जाते. दोन दिवस जातात यात, पण यानंतर अर्धा टब तुमच्या यादीतून बाद झालेला असतो.

त्याच्या पुढची पायरी मला सगळ्यात आवडते कारण त्यात काही करायचंच नसतं. ब्रेकर बंद करा आणि पाण्याला उतरू द्या. भरू नका, फक्त सकाळ-संध्याकाळ पातळीवर खूण करत जा. पाणी जिथे येऊन थांबेल तीच तुमच्या गळतीची उंची. लाईटच्या रेषेत थांबलं तर लाईटच्या मागचा वॉशर, जेटच्या एखाद्या ओळीत थांबलं तर त्या ओळीतलं एखादं गॅस्केट नाहीतर त्या जेटला हवा नेणारी नळी. पार तळापर्यंत उतरलं तर पंप, हीटर, त्यांचे युनियन (पाईप जोडणारे नटाचे जोड), नाहीतर पाय ठेवायच्या जागेतलं सक्शन. फक्त एक लक्षात ठेवा, पातळी फिल्टरच्या खाली गेली की पंप कोरडा चालतो आणि हीटर जळू शकतो, म्हणून ब्रेकर बंद म्हणजे बंदच. आणि हाडं गोठवणारी थंडी असेल तर ही टेस्ट पुढे ढकला, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाईपात अडकलेलं थोडंसं पाणी पण जॉइंट फोडून टाकतं.

पाणी जेटच्या ओळीत थांबलं असं समजू. मग टब परत भरा, पंप बंदच ठेवा, पाणी पूर्ण शांत होऊ द्या आणि खायचा गडद रंग एका सिरिंजमधे घेऊन (सुईशिवाय) त्या ओळीतल्या एकेका जेटच्या कडेशी थेंब थेंब सोडा. जिथे काही नाही तिथे रंग ढगासारखा तसाच तरंगत राहतो, जिथे गळतंय तिथे त्याची बारीक रेघ होऊन तो आत ओढला जातो. घाई केली, हात हलला, की पाणी ढवळलं जातं आणि काही कळत नाही. शेलला तडा दिसत असेल तर तिथे पण हेच करा, कारण वरच्या अॅक्रिलिकला केसाएवढे तडे खूप वेळा असतात पण मागचं फायबरग्लास शाबूत असतं आणि गळत अजिबात नसतं.

एवढं झाल्यावर फोमकडे वळा, आणि तो पण बाहेरच्या ओलीपासून नाही तर सापडलेल्या जागेपासून काढायला घ्या. ब्रेकर बंद, टेस्टरने खात्री, मग हाताने किंवा लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या उलथन्यासारख्या कशाने तरी. चाकू, करवत, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, आतला लवचिक पाईप एका फटक्यात कापला जातो आणि मग एकाचे दोन लीक होतात. कोरडा फोम हलका आणि कुरकुरीत लागतो, भिजलेला जड असतो आणि दाबला की पाणी सुटतं. भिजलेल्याच्या मागे मागे, खालून वर जात रहा. सगळ्यात वरचा भिजलेला भाग जिथे संपतो तिथे बहुतेक वेळा जागा सापडते.

आता तुमचं लिक्विड. ते अगदी केसाएवढ्या भोकाला कधीकधी चालतं, फिल्टर काढून ठेवून पंपाने फिरवावं लागतं. पण रोज ६० लिटर जाणाऱ्या गळतीला, पंपाच्या सीलला किंवा सैल युनियनला त्याचा उपयोग नाही. पाईप अशा जागी असेल की तिथे हात पोचणं शक्यच नाही तर शेवटचा उपाय म्हणून वापरा, पहिला म्हणून नको.

प्रश्न: आमच्या टबाच्या पंपाखाली ठिबकतंय. दोन्ही युनियन पान्याने खूप घट्ट केले तरी थांबत नाही, उलट वाढलंय असं वाटतंय. काय करावं?

उत्तर: वाटतंय असं नाही, खरंच वाढलं असेल. युनियनमधे पाणी अडवते ती आतली ओ-रिंग, नट नाही. नट हाताने घट्ट करायचा असतो, पान्याने आवळला की रिंग चेपते नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. पंपाच्या दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करा (ते नसतील तर टब रिकामा करावा लागेल), नट सोडा, रिंग बाहेर काढा. चपटी झाली असेल, कडक झाली असेल, तर त्याच मापाची नवीन बसवा आणि बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. पेट्रोलियम जेली लावू नका, त्यामुळं रबर फुगतं आणि काही दिवसात परत तेच.

पण त्याआधी कोरड्या टिशूने एकेक जागा पुसून बघा की थेंब येतो कुठून. युनियन कोरडं आहे आणि पाणी पंपाच्या ओल्या भागाच्या (ज्यातून पाणी फिरतं तो) आणि मोटरच्या मधून ओघळतंय, खाली पांढरे क्षार नाहीतर गंजाची रेघ दिसतेय, तर ते शाफ्टचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याचं सील आहे. जुन्या टबात हे फार कॉमन आहे आणि याच्यासाठी पूर्ण पंप बदलायची गरज नसते. सील दोन भागांचं असतं, एक सिरॅमिकची चकती आणि दुसरा स्प्रिंगवाला, बदलताना दोन्ही बदला. त्या दोघांचे गुळगुळीत तोंड बोटाने पुसू नका, हाताचं तेल किंवा एखादा कण तिथे राहिला की सील पहिल्या दिवसापासून झिरपतं. रबराला साबणाचं पाणी लावून सरळ दाबायचं. आणि सील बरेच महिने गळत असेल तर मोटर हाताने फिरवून बघा, खरखर लागली म्हणजे पाणी बेअरिंगपर्यंत गेलंय, मग नुसतं सील बदलून उपयोग नाही.

असं ठिबकत असताना ईएलसीबी (वीज गळायला लागली की आपोआप पडणारा स्विच) पडत असेल तर तो परत परत वर करून टब चालवू नका, मी हे अगदी कळकळीनं सांगतेय. पाणी आणि वीज एकत्र आलंय हेच तो सांगत असतो आणि त्याच पाण्यात तुमच्या घरची माणसं बसणार आहेत. तो कुणी बायपास करून देतो म्हटलं तर त्या माणसाला परत बोलवू नका.

प्रश्न: पीव्हीसी पाईपाचा एक चिकटवलेला जॉइंट पाझरत होता. बाहेरून एपॉक्सी लावलं, महिनाभर टिकलं, परत पाझरायला लागलं. अजून जाड थर लावू का?

उत्तर: नका लावू. आतून दाब असतो, थर बाहेरून, तो आज ना उद्या सुटणारच. पाणी गरम-गार होताना प्लास्टिक थोडं पसरतं आकसतं आणि एपॉक्सी त्याच्याबरोबर हलत नाही. जॉइंट कापूनच काढायचा. दोन्ही बाजूला सरळ पाईप मिळेल एवढं कापा, कापलेली कडा घासून साफ करा, सगळं नीट कोरडं करा (पाईपात मागून थेंब थेंब येत राहतात, जुना टॉवेल कोंबून ठेवा आणि नंतर आठवणीने काढा), नवा तुकडा आणि कपलर आधी कोरडे बसवून माप बघा. मग प्रायमर, त्याच्यावर सॉल्व्हंट सिमेंट, दोन्ही तोंडांना, आत ढकलताना पाव फेरी फिरवायचं आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. पाईप लवचिक असेल तर लवचिक पीव्हीसीला चालेल असंच सिमेंट घ्या, साधं त्याला कालांतराने सोडून देतं. २४ तास पाणी सोडू नका. लोक इथेच घाई करतात, संध्याकाळी चिकटवलं आणि रात्री पंप चालू.

आणि फोम लगेच परत भरू नका. टब गरम करून आठवडाभर चालवा, त्या जागेखाली कोरडा कागद ठेवा, रोज बघा. कागद कोरडा राहिला तरच झाका, आणि मला विचाराल तर तेवढ्या जागेत नवीन फोम ओतण्यापेक्षा इन्सुलेशनचे सुटे तुकडे बसवा, पुढच्या वेळी हाताने काढता येतात.

प्रश्न: टब २० वर्षांचा. एक लीक काढला की दुसरा लागतो. कधी थांबावं?

उत्तर: फोम काढलेल्या ठिकाणी नळ्या हाताने हळूच वाकवून बघा. नळी अजून मऊ आहे, शेल शाबूत आहे, दोन्ही लीक सील नाहीतर गॅस्केटचे होते, तर दुरुस्त करत रहा, अशी रबरं ठराविक वर्षांनी जातातच आणि एकदा सगळी बदलली की बराच काळ शांतता असते. पण नळ्या कडक झाल्या असतील, मॅनिफोल्डचं टोक नुसत्या धक्क्याने तुटून हातात येत असेल, तर आतले बाकीचे जॉइंट पण त्याच वयाचे आहेत, एक धरला की दुसरा सुटणार. तेव्हा थांबा. जुनं झालं म्हणून नाही, नळ्या संपल्या म्हणून.

तुम्ही पाण्याचा पीएच किती ठेवता ते लिहिलेलं नाही. तो ७.२ ते ७.८ मधे ठेवा. सतत खाली राहिला तर हीटरचं एलिमेंट आणि पंपाचं सील दोन्ही खाल्ले जातात, त्यामुळं तुमच्याकडे सील पुन्हा पुन्हा जात असेल तर पुढचं सील आणायच्या आधी पाणी तपासा.