गोल्ड कार्ड मिळालं, आता लाउंजचं बघा

एअर इंडियाच्या महाराजा क्लबचं (नेहमीच्या प्रवाशांसाठीची योजना) गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचंही गोल्ड. इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी लाउंज मिळतो. फक्त फ्लाइट त्याच दिवशीची आणि अलायन्समधल्या कंपनीनेच चालवलेली हवी. एअर इंडिया एक्सप्रेस अलायन्समध्ये नाही, बरेच जण इथेच फसतात.

बोर्डिंग पास हातात पडताच त्यावर 'स्टार गोल्ड' छापलंय का बघा. नसेल तर बुकिंगला मेंबरशिप नंबर जोडलेला नसतो. काउंटरवरच जोडून नवा पास छापून घ्या. लाउंजच्या दारात वाद घालू नका.

सोबत एकच पाहुणा, त्याच्याकडेही अलायन्सचा बोर्डिंग पास हवा. फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या बिझनेस लाउंजमध्ये शिरू नका, तुमचा हक्क सेनेटर लाउंजचा. सिंगापूरला मात्र सिंगापूर एअरलाइन्सचा क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज. त्यांच्याच सिल्व्हरक्रिस लाउंजमधून परत पाठवतात.