मराठी पेपर आणि चॅनेल उद्योगपती व पक्षांच्या दावणीला बांधले गेलेत, हा आरोप कितपत खरा? आणि घरी कुठला पेपर लावावा?

मालकी काही लपून नाही. 'सामना' उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा, 'सकाळ' पवार कुटुंबाचा, 'लोकमत' दर्डांचा. त्यातले विजय दर्डा काँग्रेसचे खासदार, राजेंद्र दर्डा औरंगाबादचे आमदार आणि मंत्री होते. नेटवर्क १८ या चॅनेल समूहावर २०१४ मध्ये रिलायन्सचा ताबा आला, एनडीटीव्ही २०२२ च्या अखेरीस अदानींकडे गेलं. एवढ्यावर आरोप करता येतो. पण मी बीड जिल्ह्यात तालुका वार्ताहर होतो, आणि तिथून वेगळंच दिसतं.

तालुका वार्ताहराला पगार नसतो. नावापुरतं मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. वर्धापनदिन, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला टार्गेट. आता तालुक्यात जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था. बहुतेकदा तिन्ही एकाच घरात. उसाचे पैसे कायद्याने १४ दिवसांत द्यायचे असतात. ते महिनोन्‌महिने थकले तरी बातमी जाते ती 'काही कारखान्यांची बिले रखडली' एवढीच. कारखान्याचं नाव नाही, चेअरमनचं तर नाहीच. वरून कुणाचा फोन येत नाही, गरजच पडत नाही. कारण चेअरमनसाहेबांच्या अभीष्टचिंतनाचं पान त्याच वार्ताहराला जमवायचं असतं. वर फेटा बांधलेला भलामोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, त्यात निम्मे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार.

याचं मोठं रूप २००९ च्या विधानसभेला दिसलं. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांचं कौतुक करणारी पानंच्या पानं छापून आली, काही मजकूर तर एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत शब्दशः सारखा. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त उघड केलं. चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापल्याचं त्यांनी नाकारलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाचा निर्णय त्यांच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अशा विकत छापलेल्या बातम्यांवर पेपरांची नावं घेऊन अहवाल लिहिला, तो कौन्सिलनेच दाबून ठेवला. माहिती आयोगाने सांगितल्यावर २०११ मध्ये बाहेर आला.

पेपरला भूमिका असण्याचं मला वावडं नाही. संपादक अनंत भालेरावांच्या दैनिक 'मराठवाडा'ची भूमिका असायचीच, पण ती अग्रलेखात, उघड. जाहिरात बातमीच्या वेशात येते तेव्हा वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

कुठला पेपर लावावा म्हणाल, तर दोन लावा, एकमेकांशी न पटणाऱ्या मालकांचे. आमच्याकडे कारखान्याची थकबाकी विरोधी गटाच्या पेपरातच वाचायला मिळते.