कासवाच्या पिल्लांना ऊब आणि उजेड

प्रश्न : माझ्या भाच्याने आषाढात मुंबईहून लाल कानपट्टीची दोन छोटी पाणकासवे आणून आमच्याकडे ठेवली. ती पडवीच्या खिडकीत काचपेटीत असतात. पावसाळी हवेत गारठतील म्हणून मी पेटीवर रात्रंदिवस पिवळा बल्ब लावते. तरीही ती खाईनाशी झाली आहेत आणि एकाचे कवच बोटाने दाबल्यास दबते. ऊब कमी पडते आहे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ऊब कमी पडत असेल असे वाटत नाही. या पिल्लांना ऊन मिळत नाही, हे खरे कारण असावे. अगदी नवजात पिल्लाचे कवच थोडे लवचीक असतेच; परंतु काही महिन्यांनंतरही ते दबत असेल आणि खाणेही सुटले असेल, तर त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

कवच टणक होण्यासाठी कॅल्शियम हवे आणि ते अंगी लागण्यासाठी ड-३ जीवनसत्त्व हवे, जे ही कासवे उन्हातल्या अतिनील-ब किरणांच्या साहाय्याने आपल्या कातडीत तयार करतात. साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे खिडकीतून येणारे ऊन पिल्लांना ऊब देते, हाडे देत नाही. पिवळ्या बल्बचेही तेच. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी ‘५.०’ क्षमतेची यूव्हीबी (म्हणजे अतिनील-ब किरणांची) नळी घ्यावी आणि ती पिल्लांच्या बसण्याच्या जागेपासून साधारण 25 ते 30 सेंटिमीटर उंचीवर, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक न ठेवता, दिवसाचे 12 तास लावावी. नळी उजेड देत राहिली तरी तिच्यातील हे किरण हळूहळू क्षीण होतात, तेव्हा ती वर्षाने बदलावी.

रात्रीचा बल्ब आजपासून बंद करावा. पिल्लांना काळोखाचीही गरज असते, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पारा रात्री सहसा फारसा उतरत नाही. पाणी 26 ते 28 अंश सेल्सिअस असले की पुरते. पाण्यातला हीटर, तोही थर्मोस्टॅटचा (ठरावीक तापमानाला आपोआप बंद होणारा), पौष-माघातल्या गार रात्रींपुरताच लागेल. दिवसा मात्र पेटीच्या एकाच टोकाला कोरडा दगड ठेवून त्यावर बल्बची ऊब द्यावी आणि दुसरे टोक गार राहू द्यावे, म्हणजे तापलेले पिल्लू आपणहून तिकडे सरकेल. दगडावर थर्मामीटर ठेवून पाहावे. 32 ते 35 अंश योग्य. अंगणातला जांभा मात्र नको, कारण त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर पिल्लांचे मऊ पोट घासले जाते. नदीतला गुळगुळीत गोटा चांगला.

उघडीप असेल तेव्हा सकाळचे कोवळे ऊन सर्वांत उत्तम. उथळ प्लास्टिकच्या टबात थोडे पाणी घेऊन, अर्ध्या भागावर चुडताची सावली आणि वर कावळ्यांसाठी जाळी घालून, पिल्लांना 15-20 मिनिटे बाहेर ठेवावे, आणि तेवढा वेळ आपण तिथून हलू नये, कारण उथळ पाणी बघता बघता तापते. काचपेटी तर उन्हात कधीच ठेवू नये. बंद काचेत पिल्ले भाजून मरतात.

सर्वांत जास्त काळजी मला विजेची वाटते. पिल्लू पाण्यात उडी मारते, शिंतोडा तापलेल्या बल्बवर पडतो आणि काच तडकते. बल्ब चिनीमातीच्या होल्डरमध्ये, जाळीच्या आवरणात आणि नुसत्या चिमट्यावर न सोडता साखळीने बांधून टांगावा. खाऱ्या हवेने होल्डरचे पितळ हिरवे पडते, ते दर महिन्याला बल्ब थंड असताना, प्लग काढून पाहावे. वायर सॉकेटपर्यंत सरळ नेऊ नये. सॉकेटच्या खाली तिचा झोल सोडावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाशीच ठिबकेल. पेटीच्या जोडणीवर ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) नसेल तर ते वायरमनकडून आधी बसवून घ्यावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा.