मे महिना, टाकीचं पाणी आणि चार बाय पाचची शीट

चार बाय पाच इंची कृष्णधवल फिल्मच्या सहा शीट ट्रेमध्ये एकदम डेव्हलप केल्या, फोटोतल्या आकाशात पट्टे आले आणि दोन शीटवर ओरखडे, असं तुम्ही लिहिलंय. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, बदलायच्या भानगडीत पडू नका. आधी पाण्यात थर्मामीटर घाला.

मुंबईत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी तिशी सहज गाठतं. एफपी4 प्लस या फिल्मला आयडी-11 हा डेव्हलपर पाण्यात एकास एक पातळ करून 20 अंशांवर 11 मिनिटं लागतात. 24 ला साधारण साडेसात, 30 ला जेमतेम चार. चार मिनिटांत अंधारात सहा शीट सारख्या भिजवणं मला तरी जमलेलं नाही. पाच मिनिटांच्या आत काम उरकायला गेलं की पट्टे ठरलेलेच.

20 चा हट्ट मी केव्हाच सोडला, 24 धरतो. आदल्या रात्री फ्रीजमध्ये बाटल्या, मोठ्या परातीत पाणी, त्यात ट्रे. बर्फ पिशवीत बांधून परातीत सोडायचा, डेव्हलपरमध्ये नाही. स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. कोमट पाण्यात फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं, मग शेजारच्या शीटचा कोपरा लागला तरी ओरखडा उठतो.

आधी साध्या पाण्यात एकेक शीट सुटी भिजवा, नाहीतर कोरड्या शीट एकमेकींना चिकटतात. शीट उभी धरून तिच्या कडेची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, आपल्याकडे. ती बाजू वर ठेवा. पहिली शीट उलट्या दिशेने ठेवली तर अंधारातही मोजणी चुकत नाही. मग तळाची अलगद ओढून वर ठेवायची, बोटांनी सपाट दाबायची. अर्ध्या मिनिटात सगळी चळत एकदा फिरली पाहिजे. नखं कापलेली हवीत! सुरुवातीला तीनच शीट घ्या. वाया गेलेल्या शीटवर उजेडात हात बसवून घ्या.

आणि बाथरूममध्ये दिवा घालवून दहा मिनिटं नुसते उभे राहा, कुठून उजेड येतो ते दिसेल. मी एकदा गीझरचा इवलासा लाल दिवा विसरलो होतो. एचपी5 या फिल्मला लालही दिसतो. चारही शीट धुरकटल्या. आता त्यावर काळी चिकटपट्टी असते आणि दाराच्या फटीला टॉवेल.

वाळवताना एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगा, पंखा बंद. जुलैत रात्रभर लागते, सकाळी हात लावून बघायचा मोह आवरा.