आधार, आयडी आणि 12/3: एक्सेलमधले बदललेले आकडे

प्रश्न : वर्गाच्या यादीत मुलांचे 12 अंकी आधार क्रमांक आणि 19 अंकी सरल आयडी (शासनाच्या ‘सरल’ प्रणालीतले विद्यार्थी क्रमांक) भरले. आधारच्या जागी 4.57ई+11 असं दिसतं आणि प्रत्येक आयडीच्या शेवटी चार शून्यं आली आहेत. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला, तरी काही सुधारलं नाही. (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आधार क्रमांक शाबूत आहेत. ‘जनरल’ फॉरमॅटमध्ये 12 किंवा जास्त अंकांची संख्या घातांकात दिसते, एवढंच. रकाना निवडा, कंट्रोल आणि 1 दाबा, ‘नंबर’ निवडून दशांश स्थळं 0 करा. मात्र हे करण्याआधी फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून सेव्ह करू नका. सीएसव्हीत पडद्यावर दिसतं तेच उतरतं, आणि मग आधारही गेले.

आयडींचं मात्र खरंच नुकसान झालं आहे. एक्सेल संख्येचे पहिले 15 अंकच जपतं, पुढच्या प्रत्येक जागी शून्य घालतं. मुलामुलांत फरक करणारा अनुक्रमांक नेमका शेवटच्या चार अंकांत असतो, म्हणून एकाच वर्षी नोंदलेल्या सगळ्या मुलांचे आयडी आता एकसारखे झाले असतील. फॉरमॅट बदलून ते परत येणार नाहीत, मूळ यादीवरूनच भरावे लागतील. या वेळी रिकामा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग टाइप करा. दोन-चारच नोंदी असतील तर आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह ' दिलं तरी चालतं. ते छापून येत नाही. कोपऱ्यातल्या हिरव्या त्रिकोणावर ‘कन्व्हर्ट टू नंबर’ सुचवलं जाईल, ते अजिबात स्वीकारू नका.

यादी सीएसव्ही फाइलमधून येत असेल तर ती डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘डेटा टाइप डिटेक्शन’मध्ये ‘डू नॉट डिटेक्ट’ निवडा.

आणखी एक खाच. रकाना टेक्स्ट असला तरी एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं काउंटइफ हे फंक्शन आकड्यांसारख्या मजकुराची तुलना 15 अंकांपर्यंतच करतं आणि वेगळे आयडीही दुबार ठरवतं. =काउंटइफ(ए:ए,ए2&"*") असं लिहिलं की तुलना मजकुरासारखी होते (सूत्र इंग्रजी अक्षरांत टाइप करावं).

प्रश्न : जमिनीच्या यादीत सर्व्हे नंबर आणि हिस्सा 12/3 असा लिहिला की 12-मार्च होतो. टेक्स्ट केलं तर 45728 येतं! (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : 45728 म्हणजे 12 मार्च 2025. एक्सेल तारखा दिवसांच्या मोजणीने साठवतं, आणि वर्ष न लिहिल्यास चालू वर्ष धरतं. तुमचं 12/3 आता त्या सेलमध्ये नाहीच. संगणकाची तारीख दिवस-महिना पद्धतीची असेल तर सेलचा फॉरमॅट परत ‘जनरल’ करून शेजारच्या रकान्यात =डे(ए2)&"/"&मंथ(ए2) लिहा, आणि निकाल ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने टेक्स्ट रकान्यात चिकटवा.

पण डोळे मिटून नको. 3/45 सारखी नोंद मार्च 1945 समजली जाते, तिथे हे सूत्र 1/3 देईल. म्हणून आधी वर्ष तपासा, आणि चालू वर्षाबाहेरच्या सगळ्या नोंदी सातबाऱ्यावरून हाताने भरा. 45/2 मात्र तारीख होऊ शकत नाही, ती आहे तशीच राहते.

प्रश्न : आकडे आपोआप बदलण्याची एक्सेलची ही सवय कायमची बंद करता येते का? (वाचक, पुणे)

उत्तर : थोडीफार. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ इथे ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ आहे. सुरुवातीचं शून्य काढणं, 15 अंकांनंतर तोडणं, ‘मार्च1’सारख्या शब्दांची तारीख करणं तिथे थांबवता येतं. (याच तारखांपायी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च1’ या जनुकाचं नाव ‘मार्चएफ1’ केलं आणि 2020 च्या नियमावलीत तसं नोंदवलं.) 12/3 वर या सेटिंगचा उपयोग नाही, तिथे टेक्स्ट रकानाच हवा. गुगल शीट्समध्ये ‘फॉरमॅट’, ‘नंबर’, ‘प्लेन टेक्स्ट’ निवडा, आणि फाइल इम्पोर्ट करताना ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स’समोरची खूण काढा.